एकही भोक न पाडता

आमच्या जुन्या पद्मिनीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, काढून त्या जागी कंप्युटरने मोजून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं माझ्या मनात होतं. अण्णांनी हो म्हटलं ते एका अटीवर. बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. आणि जे जे काढशील ते पुसून, बांधून माळ्यावर ठेवायचं. मी सांगेन त्या दिवशी कार्बोरेटर परत बसला पाहिजे, तोही एका दिवसात.

अण्णांची उभी नोकरी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये गेली. आमची पद्मिनी १९७९ची, त्याच कारखान्यातून निघालेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, रंग मूळचा फिकट राखाडी. आम्ही राहतो नेहरूनगरला, म्हणजे गाडी जिथे जन्मली तिथून रेल्वेलाइन ओलांडली की घर. कारखाना गेला, तिथे आता टोलेजंग इमारती आहेत. गाडी मात्र घरातच राहिली. तिच्या पत्र्यावर कुणी ड्रिल टेकवावं हे अण्णांना सहन होणार नव्हतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. शिवाय एक व्यवहाराचा मुद्दाही होता. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, मोठा फेरफार केलेली नको. आमची २०२९ साली पन्नाशी गाठेल.

मग इंजेक्शनच्या वाटेला जायचंच कशाला?

उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात कडेला उभी फियाट, उघडं बोनेट आणि एसी पंपावर ओलं फडकं टाकणारा माणूस, हे चित्र माझ्या वयाच्या लोकांनी नक्की पाहिलेलं आहे. एसी पंप म्हणजे इंजिनाच्या कॅमवर चालणारा पेट्रोलचा पंप. गॅरेजमध्ये त्याला दुसरं नाव नाही. इंजिन तापलं की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, वाफ काही पंपाला ओढता येत नाही आणि गाडी बसते. आमच्या डिकीत त्यासाठी एक जुना पंचा आणि पाण्याचा कॅन कायम असायचा. त्यात अलीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. वर्षभरात एसी पंपाचा पडदा दोनदा फाटला. रबरी पाइप आतून सुटून काळे कण फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) जमायला लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवेशी प्रमाण १४.७ ला १, ई२०चं साधारण १३.५ ला १. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेत मोजून पाडलेलं भोक. टाकीतलं पेट्रोल बदललं हे त्याला कळायची सोय नाही. नाक्यावरच्या मिस्त्रींनी मेन जेट एक नंबर मोठा टाकून दिला. पिकअप सुधारला, पण सायलेन्सरला काजळी धरायला लागली.

खरं कारण मात्र अण्णाच होते. वय ८२. रविवारी सकाळी गाडी काढून चेंबूरपर्यंत जाऊन येणं हा त्यांचा नेम. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, पाच मिनिटं रेस धरून बसायचं, मग चोक थोडा थोडा आत. एका रविवारी गाडी सिग्नलला तीनदा बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ झाला आणि त्यांनी घरी येऊन चावी खुंटीला लावली. पुढचे दोन रविवार ती तशीच लटकत होती.

कोणती पद्धत घ्यायची यावर मी तीन महिने वाचन केलं. परदेशात कार्बोरेटरच्या जागी थेट बसणारे तयार किट मिळतात, पण ते बहुतेक तिकडच्या मोठ्या आठ सिलिंडरी इंजिनांसाठी आणि किंमतही तशीच. दुसरा रस्ता प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर देण्याचा. त्यासाठी मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांना, हात लावावा लागला असता आणि अट तिथेच मोडली असती. म्हणून तिसरा: मूळ मॅनिफोल्ड जसाच्या तसा, कार्बोरेटरच्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात दोन इंजेक्टर समोरासमोर आणि वर थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप. मेंदू म्हणून स्पीड्युइनो, म्हणजे आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर). त्याचा नकाशा, कोड, सगळं उघडं. बिघडला तर लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणता येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हापासून साध्या साध्या पार्टसाठी वणवण काय असते ते बघतोच आहोत.

इंजेक्टर केवढे घ्यायचे हा हिशेब कागदावर होतो. इंजिन ४० अश्वशक्तीचं. पूर्ण जोर लावला तर मिनिटाला साधारण २१० सीसी पेट्रोल लागेल. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नयेत, म्हणजे २६० सीसीची सोय हवी. ई२०साठी थोडं वर. मी १८० सीसीचे दोन घेतले. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवाल्या मारुती ८००ची, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानात मिळाली. ठोकळा लेथवाल्या काकांनी केला: खालच्या बाजूला कार्बोरेटरच्या स्टडची मापं, वरच्या बाजूला थ्रॉटल बॉडीची, मध्ये इंजेक्टरसाठी तिरकी भोकं. पहिल्या ठोकळ्यात इंजेक्टरची फवारणी समोरच्या भिंतीवर बसत होती, म्हणून कोन बदलून दुसरा करावा लागला. बोनेट लागेल का ही चिंता होती. बायकोने कणकेचा गोळा मळून दिला. तो एअर फिल्टरच्या माथ्यावर ठेवला, बोनेट हलकेच लावून उघडलं आणि चपटा झालेला गोळा पट्टीने मोजला. १४ मिलिमीटर जागा शिल्लक होती.

इथवर मला वाटत होतं की मुख्य काम झालं. तसं मुळीच नव्हतं.

कार्बोरेटर दयाळू असतो. इंजिनात कुठे हवा ओढली जात असेल, टॅपेट घट्ट असतील, पॉइंट जळलेले असतील, तरी तो मिक्स्चर थोडं जास्त देऊन सगळं निभावून नेतो. चाळीस वर्षं मिस्त्री स्क्रू फिरवून त्याला तेच करायला लावतात. इंजेक्शन मात्र सेन्सर सांगेल त्यावर विश्वास ठेवतं. मॅनिफोल्डला प्रेशर सेन्सर जोडून कार्बोरेटरवरच गाडी चालू करून बघितली तेव्हा आयडलिंगला ५८ किलोपास्कल दिसत होतं. धडधाकट इंजिनाला ते चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असायला हवं. मग शोध सुरू झाला. मॅनिफोल्डचं गास्केट एका कोपऱ्यात फुंकलेलं. डेल्कोच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, व्हॅक्यूमची नळी तडकलेली. टॅपेटची गॅप तीन व्हॉल्व्हना जवळजवळ शून्य. हे सगळं नीट केल्यावर काटा ४३वर आला. इंजेक्शनचा एकही भाग न बसवता गाडी इतकी शांत उभी राहिली की अण्णा गॅलरीतून खाली बघून म्हणाले, “बंद केलीस का?”

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याची गोष्ट तर आपल्या सगळ्या जुन्या गाड्यांची आहे. मुंबईच्या उकाड्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी तो काढून फेकलेला असतो. आमचाही नव्हता. पाण्याचं तापमान ५५-६० अंशांवर अडकायचं. कार्बोरेटरला फरक पडत नाही. ईसीयू मात्र समजतो की इंजिन अजून गरम व्हायचं आहे, आणि जास्तीचं पेट्रोल देत राहतो. नवा थर्मोस्टॅट टाकला आणि गाडी का तापत होती ते खरं कारणही शोधलं. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या गाळाने बुजल्या होत्या.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचंही तसंच. सिग्नलला उभं राहिलं की तो चार्ज करत नाही. हेडलाइट मंदावतात आणि आपण ते चालवून घेतो. इलेक्ट्रिक पेट्रोलपंप एकटाच पाच अँपिअर ओढतो. शिवाय व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो आणि मिक्स्चर लगेच पातळ होतं. नंतरच्या पद्मिनींना आलेला अल्टरनेटर मिळवून बसवला. डायनॅमो माळ्यावर गेला.

पेट्रोलच्या लाइनबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे चूक झाली तर गाडी जळते. एसी पंपाचं प्रेशर जेमतेम पाव बारच्या आसपास असतं. इंजेक्शनला ३ बार लागतं. जुन्या पाइपाला साध्या क्लिपा लावून हे काम करायचं नसतं. इंजेक्शनसाठीच बनवलेला पाइप, त्याच्याच जातीच्या क्लिपा, टाकीनंतर जाड जाळीचा आणि पंपानंतर बारीक फिल्टर. उरलेलं पेट्रोल टाकीत परत न्यायला दुसरी लाइन लागते. त्यासाठी टाकीला भोक नको म्हणून टाकीतल्या पेट्रोल मोजणाऱ्या फ्लोटच्या झाकणाची तशीच नवी प्लेट करून तिच्यावर परतीची नळी बसवली, मूळ प्लेट जपून ठेवली. पंप टाकीच्या पातळीखाली, आधीच असलेल्या बोल्टवर पट्टीने अडकवला, कारण हे पंप ढकलतात छान, ओढत मात्र नाहीत. चावी फिरवली की पंप दोन सेकंद चालतो. त्यानंतर इंजिन फिरत असेल तरच चालू राहतो. अपघातात इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबतो. त्याशिवाय जोरात धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा स्विचही लावला आहे.

पहिल्या रात्री लाइन प्रेशरला ठेवली आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा एकेक तुकडा अंथरला. सकाळी सगळे कोरडे, फक्त बारीक फिल्टरच्या पुढच्या जोडाखालच्या कागदावर रुपयाएवढं वर्तुळ उमटलेलं. पेट्रोल उडून गेलं होतं, पण त्याने छपाईची शाई पसरवली होती. नुसतं वरवर बघितलं असतं तर तो जोड मला कोरडाच दिसला असता.

वायरिंग जुन्या ग्रोमेटमधून आत घेतली आणि ईसीयू ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, आहेत त्याच स्क्रूंवर टांगलेल्या फळीवर. स्पार्कचं काम डेल्कोकडेच ठेवलं. ईसीयूने फक्त पेट्रोल बघायचं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी पहिल्यांदा सेल्फ मारला. चौथ्या फेरीला इंजिन धरलं. वीस सेकंद चाललं, मग काळा धूर सोडून गुदमरलं. लॅपटॉपवर आरपीएम ९०० वरून एकदम ४०००, परत ८००. फेऱ्यांचा सिग्नल मी कॉइलवरून घेतला होता आणि पॉइंटच्या ठिणग्यांचा सगळा गोंधळ त्यात मिसळत होता. ईसीयूला वाटायचं इंजिन पळतं आहे, तो पेट्रोल ओतायचा. भाची इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. ती दुसऱ्या दिवशी आली, अर्धा तास वायरी बघत बसली आणि म्हणाली, “मामा, ही वायर प्लगच्या केबलला चिकटून गेली आहे. आणि अर्थ तीन ठिकाणी वेगवेगळा आहे.” अर्थ सगळे एका जागी आणले, रेझिस्टरवाले प्लग टाकले. तरी पूर्ण थांबेना. शेवटी क्रँक पुलीवर ३६ दात्यांतला एक मुद्दाम गाळलेली चकती बसवली, टायमिंग कव्हरच्याच बोल्टवर ब्रॅकेट घेऊन ते दाते मोजणारा हॉल सेन्सर लावला आणि त्याची वायर जाळीच्या आवरणातून नेली. त्यानंतर आरपीएमचा आकडा हलला नाही.

ट्यूनिंग म्हणजे १६ गुणिले १६ असं २५६ चौकटींचं कोष्टक भरणं. आडवे आरपीएम, उभा इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत इंजिन किती हवा घेतं त्याचा आकडा. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरावरून मिक्स्चर सांगणारा सेन्सर, बसवला होता (नवा पाइप करून, जुना माळ्यावर). रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर मी एकाच वेगाने गाडी चालवायची आणि भाचीने मांडीवर लॅपटॉप घेऊन चौकटी दुरुस्त करायच्या. सपाट रस्ता तीन पहाटेत जमला. पाय एकदम दाबला की गाडी अर्धा क्षण अडखळायची, ते जायला मात्र महिना गेला. कार्बोरेटरमध्ये हे काम एक छोटा पिचकारीसारखा पंप करतो. त्या पंपाबद्दलचा माझा आदर या महिन्यात फार वाढला.

थंड स्टार्टवर परदेशातले लोक पानंच्या पानं लिहितात. मुंबईत तो प्रश्न एका सकाळीत सुटला. इथला प्रश्न गरम स्टार्टचा. एप्रिलमध्ये दुपारी गाडी पंधरा मिनिटं उन्हात उभी केली आणि परत चालू केली की मिनिटभर थरथरायची. इंजिन बंद झाल्यावर बोनेटखालची उष्णता हवेच्या सेन्सरमध्ये साठायची. तो ७० अंश सांगायचा. गरम हवा विरळ असते, म्हणून ईसीयू पेट्रोल कापायचा. आत येणारी हवा प्रत्यक्षात इतकी गरम नसायची. सेन्सर ठोकळ्यावरून काढून एअर फिल्टरच्या तोंडाशी नेला, तापमानाची दुरुस्तीही थोडी कमी केली. थरथर गेली.

मध्यंतरी सायनच्या सिग्नलला इलेक्ट्रिक पंप मेला. डबीवर नावाजलेला छाप, आत नकली माल. गाडी ढकलत बाजूला घेतली. तेव्हापासून दुसरा पंप डिकीत असतो, त्याच कॅनच्या शेजारी.

मेच्या मध्यावर घाट. दुपारी दोनला मुद्दाम निघालो, खोपोली सोडलं, अण्णा शेजारी, पंचा मांडीवर. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलो. पाण्याचा काटा चढला आणि थांबला. गाडी एकदाही अडखळली नाही. परतीचं पेट्रोल सतत फिरत असतं आणि प्रेशरही जास्त, त्यामुळे लाइनीत वाफ साठून राहत नाही. लोणावळ्याला उतरल्यावर अण्णांनी पंचा झटकून नीट घडी केली आणि डिकीत ठेवला.

पीयूसीला आमच्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. आधी २.८च्या आसपास काठावर पास व्हायची, आता ०.६ आलं. आरसीवरचं इंजिन, नंबर, सीसी, इंधन यांतलं काही बदललेलं नाही. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराबद्दल कडक आहे, म्हणून काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारून घेतलं होतं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलं होतं. कुणी हे करणार असेल तर त्यानेही आधीच विचारावं.

अण्णांचे रविवार परत सुरू झाले. चावी फिरवायची, निघायचं. मग दिवाळीच्या आदल्या शनिवारी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बसव कार्बोरेटर.”

मी विचारलं, “काय झालं अण्णा? काही बिघडलंय का?”

“काही नाही. तू शब्द दिला होतास ना, एका दिवसात? बघू या.”

साडेआठला सुरुवात केली. माळ्यावरून सगळं उतरवलं, अण्णा खुर्ची टाकून बाजूला बसले. ठोकळा काढला, कार्बोरेटर बसवला, एसी पंपाच्या जागेवरची झाकणप्लेट काढून पंप लावला, फ्लोटची जुनी प्लेट, जुनी लाइन. साडेचारला चोक ओढून सेल्फ मारला. गाडी दुसऱ्या फेरीला चालू झाली. अण्णांनी स्वतः स्लो जेटचा स्क्रू कान लावून बसवला. डोळे मिटलेले, स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत, पाव फेरा आत, किंचित बाहेर. त्यांचा हात थांबला तेव्हा लॅपटॉपवर वाइडबँडचा आकडा बघितला. जिथे असावा तिथेच होता.

आठ दिवस गाडी कार्बोरेटरवर चालवली आणि मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सुरुवातीला गाडी लिटरला साडेनऊ किलोमीटर देत होती. इंजेक्शनवर १२.८. आता त्याच जुन्या कार्बोरेटरवर साडेअकरा देत होती. म्हणजे फायद्याचा मोठा वाटा गास्केट, टॅपेट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांचा होता. इंजेक्शनने मला ते शोधायला भाग पाडलं. गरम दुपारी एसी पंपाने मात्र सायनलाच दगा दिला, आणि पंचा भिजवावा लागला.

नवव्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, “झालं. तुझं लाव परत.” मी ठोकळा बसवत असताना त्यांनी कार्बोरेटर रॉकेलने धुतला, मलमलच्या फडक्यात गुंडाळला आणि जेट एका गोळ्यांच्या डबीत घातले. डबीवर पट्टी चिकटवून बॉलपेनने मेन जेटचा नंबर लिहिला, स्लो जेटचा लिहिला आणि खाली तारीख घातली. मग थोडं थांबून तारखेपुढे लिहिलं, “चालू स्थितीत काढला.”